युद्धनौकेची प्रतिकृती : हस्तकला आणि इतिहास



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. जालन्यापासून मुंबईचा किनारा सुमारे चारशे किलोमीटर दूर. ज्या गावाला आपण ‘सोन्याचा पाळणा’ म्हणतो, ज्याचे नाव आज लोखंडी सळया आणि बी-बियाणे यांसाठी देशभर घेतले जाते, त्या गावात युद्धनौकेची गोष्ट कशाला? पण समुद्राशी आपला संबंध वाटतो तितका परका नाही. याच जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे सातवाहनकाळातील मोठ्या व्यापाराचे ठिकाण. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख येतो. इटलीतील पॉम्पेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी साम्य असलेली मूर्ती भोकरदनच्या उत्खननात सापडली. इकडची कारागिरी जहाजात बसून रोमन जगात पोहोचत होती, एवढे यावरून निश्चित समजते. आणि शेजारच्या जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आजही भिंतीवर आहे. त्या चित्राकडे आपण शेवटी वळणार आहोत.

प्रथम प्रतिकृती म्हणजे काय, हे स्पष्ट करून घेऊ. जत्रेत मिळणारी होडी हे खेळणे होय. ते जहाजासारखे दिसले की पुरे. प्रतिकृतीला एवढ्यावर भागत नाही. तिच्यात प्रत्येक माप मूळ जहाजाच्या मापाशी एकाच प्रमाणात बांधलेले असावे लागते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून आरमाराच्या कारभाऱ्यांसाठी अशा प्रतिकृती तयार होत, आणि तेथे एका फुटाला पाव इंच हे प्रमाण रूढ झाले. पाव इंचाला एक फूट म्हणजे एकास अठ्ठेचाळीस. या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा खलाशी एक इंच आणि वर थोडा भरतो, सहा फुटी दार दीड इंचाचे होते आणि तीन इंच जाडीची फळी एका इंचाच्या सोळाव्या हिश्श्याएवढी राहते. कित्येक जुन्या प्रतिकृतींत खालच्या भागावर फळ्या मुद्दाम मारलेल्या नसत. आतील फासळ्या उघड्या दिसाव्यात आणि बांधणी समजावी, हा त्यामागचा हेतू.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या मुंबईचे. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे कारागीर १७३६ च्या सुमारास मुंबईत आले आणि पुढे अनेक पिढ्या या पारशी घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली येथे ब्रिटिश आरमारासाठी मोठमोठ्या युद्धनौका तयार झाल्या. ‘मिंडेन’ १८१० साली पाण्यात उतरली, ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ साली. १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंड यांच्यातील नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या, त्या याच ‘कॉर्नवॉलिस’वर. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ नावाची फ्रिगेट जातीची युद्धनौका मुंबईत पाण्यात उतरली. ती मलबारच्या सागाची होती, आणि दोनशे वर्षांनंतर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती पाहावयास मिळते. मुंबईच्या सुतारांनी जोडलेले लाकूड अजून टिकून आहे, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

या नौकेच्या नकाशांची कथा मोठी बोधप्रद आहे. तिची आकृती मुळात फ्रेंचांची. १७८२ साली इंग्रजांनी ‘एबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली, तिची मापे काढून घेतली आणि त्या मापांवरून आपल्या नौकांचा एक वर्गच बांधला. ‘त्रिंकोमाली’ त्या वर्गातली. तिचे नकाशे ‘जावा’ या जहाजातून मुंबईकडे निघाले, पण डिसेंबर १८१२ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत ‘जावा’ गेले आणि त्याबरोबर नकाशेही गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. ती पोहोचून १८१६ मध्ये कामास प्रारंभ झाला. जहाज बुडाले तरी आकृती बुडाली नाही, कारण तिची मापे कागदावर होती आणि त्या कागदाची दुसरी प्रतही होती. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हे नकाशे म्हणजे तीन चित्रे असतात. पहिले बाजूने पाहिलेले, दुसरे वरून पाहिलेले आणि तिसरे समोरून पाहिलेले. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे जहाजाचे ठराविक अंतरावर काप घेतले आहेत अशी कल्पना करा. तिसऱ्या चित्रात हे सारे काप एकावर एक काढलेले असतात. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून अर्धीच आकृती काढतात. उजवीकडे पुढच्या भागाचे काप आणि डावीकडे मागच्या भागाचे. या तीन चित्रांचा एकमेकांशी मेळ बसला पाहिजे. एका चित्रात एखादी रेघ केसभर चुकली तर दुसऱ्या चित्रात ती लगेच उघडी पडते. प्रतिकृतीच्या कामाचे पहिले कित्येक आठवडे याच मेळात जातात. करवत त्यानंतर हातात घ्यावयाची.

प्रतिकृतीकाराला आणखी एक जुना हिशोब उपयोगी पडतो. त्या काळी इंग्रज जहाजांचे ‘टन’ वजन करून काढीत नसत, मापांवरून काढीत. लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करावयाचे, बाकीला रुंदीने गुणावयाचे, पुन्हा निम्म्या रुंदीने गुणावयाचे आणि ९४ ने भागावयाचे. ‘त्रिंकोमाली’ची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट. १५० मधून २४ गेले, राहिले १२६. त्यांना ४० ने आणि मग २० ने गुणले की १,००,८०० होतात. त्यास ९४ ने भागता सुमारे १,०७२ येतात. तिची नोंदलेली संख्या सुमारे १,०६६ आहे. एवढ्या ढोबळ मापांवरून उत्तर इतके जवळ यावे, यातच या हिशोबाची उपयुक्तता दिसते. एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात हीच नौका साडेसदतीस इंच लांब आणि दहा इंच रुंद होते. डोलकाठ्या उभ्या केल्या की ती घरातले एक टेबल पुरते अडवून बसते.

आता बांधणीचा क्रम पाहू. प्रथम कणा, म्हणजे तळाचे लांब लाकूड. त्याच्या पुढच्या टोकाला नाळ उभी राहते आणि मागच्या टोकाला सुकाणूचा खांब. कण्यावर एकामागून एक फासळ्या बसवावयाच्या. बैलगाडीच्या चाकाच्या पाट्या घडविणारा आपला सुतार वाकडे लाकूड वाकड्या कामाला आणि सरळ लाकूड सरळ कामाला निवडतो. जहाजाच्या फासळीचेही तसेच आहे. तंतू आडवा गेला की फासळी मोडते. सगळ्या फासळ्या उभ्या झाल्या की त्यांवरून एक लवचिक पट्टी फिरवून पाहतात. पट्टी कोठे उचलली किंवा कोठे दबली तर तेथील फासळी घासावी लागते किंवा तिला भर द्यावी लागते. मगच फळ्या.

फळ्यांचे काम नवशिक्याची परीक्षा पाहते. जहाजाचा घेर मध्ये मोठा आणि दोन्ही टोकांना लहान. सगळ्या फळ्या सारख्या रुंदीच्या घेतल्या तर टोकाला त्या एकमेकींवर चढतात. म्हणून मधला घेर आणि टोकांचे घेर कागदाच्या पट्टीने मोजावयाचे, त्यांना फळ्यांच्या संख्येने भागावयाचे आणि प्रत्येक फळी टोकांकडे त्या हिशोबाने निमुळती करावयाची. नंतर ती गरम पाण्यात भिजवून वाकवावयाची आणि एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला अशी चढवीत न्यावयाची. एकच बाजू आधी पुरी केली तर त्या ताणाने सारा कणा पिळवटतो.

लाकूड कोणते घ्यावे? मूळ नौका सागाची, म्हणून प्रतिकृतीही सागाची करावी असे पटकन मनात येते. परंतु सागाचे तंतू लहान प्रमाणात फार ठसठशीत दिसतात. अठ्ठेचाळीसपट मोठे करून पाहिले तर ते तंतू मनगटाएवढे झाले, असा भास होतो. यासाठी घट्ट आणि बारीक पोताचे लाकूड हवे. युरोपात नासपतीचे किंवा बॉक्सवुडचे वापरतात. आपल्याकडे हळदूचे लाकूड या कामाला चांगले.

तोफांचे काम तर जालन्याच्या लेथवाल्याने डोळे मिटून करावे असे आहे. ‘त्रिंकोमाली’च्या वर्गातील नौकांवर मुख्य मजल्यावर अठरा पौंडी गोळ्याच्या २८ तोफा असत. प्रत्येक तोफेची नळी या प्रमाणात दोन इंचांच्या आतबाहेर. पितळेची एक नळी लेथवर काळजीपूर्वक उतरवावयाची, तिचा साचा करावयाचा आणि बाकीच्या सत्तावीस त्यातून ओतून घ्यावयाच्या. कारण अठ्ठावीस वेळा उतरविलेल्या नळ्यांत थोडा का होईना फरक पडतो, आणि रांगेत मांडल्या की तो नजरेत भरतो.

दोरांच्या बाबतीत जाणकारही फसतात. जुन्या कागदांत ‘सहा इंची दोर’ असे लिहिलेले आढळते. वाचणारा समजतो की दोर सहा इंच जाड आहे. पण खलाशी दोराचा घेर मोजीत, जाडी नव्हे. सहा इंच घेराचा दोर जेमतेम दोन इंच जाड असतो, आणि आपल्या प्रमाणात तो एक मिलिमीटरचा दोरा होतो. हे न जाणता केलेल्या प्रतिकृतीत सगळे दोर तिप्पट जाड होतात, आणि नौका कोळ्याच्या जाळ्यात सापडल्यासारखी दिसते. प्रत्येक दोऱ्यास मेण लावून त्याची लव बसविणेही अवश्य आहे, कारण लहान प्रमाणात ती लव केसाळ वेलीसारखी दिसते.

तात्पर्य, बारकावा म्हणजे सगळे काही दाखविणे नव्हे. एकास अठ्ठेचाळीसमध्ये पाच मिलिमीटरचा खिळा एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा होतो. तो हाताने करू गेल्यास मोठाच होणार, आणि मोठा खिळा खोटे सांगतो. जे खऱ्या मापात येत नाही ते सोडून द्यावे, हा या कलेतील संयम आहे.

लाकडी नौकेकडून पोलादी नौकेकडे येऊ. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘विशाखापट्टणम’ ही विनाशिका २१ नोव्हेंबर २०२१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तिची लांबी १६३ मीटर, रुंदी १७.४ मीटर, भार सुमारे ७,४०० टन. एकास शंभर या प्रमाणात प्रतिकृती केली तर लांबी १.६३ मीटर आणि रुंदी साडेसतरा सेंटिमीटर होईल. पण वजन? येथे पुष्कळांचा हिशोब चुकतो. लांबी शंभरावा भाग, रुंदी शंभरावा भाग, खोलीही शंभरावा भाग. म्हणून वजन शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाखावा भाग. ७,४०० टनांचे झाले अवघे ७.४ किलो. नौकेची प्रतिकृती खऱ्या जलरेषेपर्यंत पाण्यात बसावी असे वाटत असेल तर सांगाडा, यंत्र, बॅटरी, तोफा, रंग, सगळे मिळून साडेसात किलोंत आणावयाचे. वरच्या मजल्यांवर जड धातू वापरला की नौका कलंडते. म्हणून वर कागद आणि पातळ पत्रा, तळाशी शिसे, हा नियम. उलट प्रमाण एकास पन्नास धरले तर लांबी दुप्पट, सव्वातीन मीटर होते, पण वजन आठपट, म्हणजे जवळजवळ साठ किलो. मोठ्या प्रतिकृतीचा विचार करताना ती दारातून बाहेर कशी निघेल आणि किती जणांनी उचलावयाची, हे आधीच ठरवावे लागते. पुष्कळ जण त्यासाठी सांगाडा दोन तुकड्यांत करतात.

वेगाचा नियम आणखी निराळा. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८७२ च्या सुमारास, टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात नौकांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. पाण्यावर उठणाऱ्या लाटा मूळ नौकेसारख्याच उठाव्यात असे हवे असेल तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी केला पाहिजे, असे त्याने दाखविले. शंभराचे वर्गमूळ दहा. ताशी तीस नॉट, म्हणजे सुमारे साडेपंचावन्न किलोमीटर वेगाने जाणाऱ्या नौकेची आपली प्रतिकृती ताशी साडेपाच किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याच्या गतीने, चालली पाहिजे. त्याहून जोरात पळविली की ती युद्धनौका न वाटता उंदीर वाटते. हा नियम हौशी लोकांपुरता नाही. आपल्या देशात विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत याच कामासाठी ५०० मीटर लांबीचा हौद आहे. खरी नौका बांधण्याआधी तिची प्रतिकृती तेथे पाण्यातून ओढून पाहतात.

येथवर आपण ज्या नौका पाहिल्या त्यांचे नकाशे होते. आता त्या नौकेकडे वळू या, जी करावी असे प्रत्येक मराठी माणसाला वाटते. ती म्हणजे मराठ्यांच्या आरमारातील गुराब. येथे मात्र हात थबकतो. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधावयास घेतली तेव्हा काही पोर्तुगीज कारागीर कामावर होते. १६५९ मध्ये ते काम टाकून निघून गेले. त्यांची विद्या त्यांच्या हातांत होती, ती हातांबरोबर गेली. पुढे आपल्याच सुतारांनी शेकडो नौका बांधल्या, आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज, पोर्तुगीज व डच या तिघांनाही त्या आरमाराचा धाक होता. परंतु या सुतारांची विद्याही बापाकडून मुलाकडे तोंडी आणि हातोहात जाणारी. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, त्या वेळी तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. एकही गुराब आज उरलेली नाही.

मग प्रतिकृती करणाऱ्याने काय करावयाचे? जे वर्णन आहे ते तपासावयाचे. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराब आणि गलबत यांचे बऱ्यापैकी नेमके वर्णन केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांपर्यंत, दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची. ती थोड्या पाण्यात चालणारी, लांबीच्या मानाने फार रुंद आणि मध्यापासून पुढे निमुळती होत जाणारी असे. पुढे बोथट तोंडाऐवजी लांब सुळका असे. पुढल्या आडव्या भिंतीतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा त्या सुळक्यावरून समोर मारा करीत, आणि बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत, मोठ्या त्रिकोणी शिडाचे. त्याचा वरचा मजला हलका राहावा म्हणून चिरलेल्या बांबूंचा असे. चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ते ताशी चार मैल जाई.

या वर्णनात लांबी नाही आणि रुंदीही नाही. पण मघाचा हिशोब उलटा चालवून पाहता येतो. ऑर्मचे टन त्याच पद्धतीचे आहेत असे धरा, आणि ‘फार रुंद’ म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट धरा. तर ३०० टनांच्या गुराबेची रुंदी साडेअठ्ठावीस फूट आणि लांबी सुमारे ८६ फूट येते. लांबी साडेतीनपट धरली तर रुंदी सुमारे २७ फूट आणि लांबी ९४ फूट. म्हणजे पाव इंचाच्या प्रमाणात आपली प्रतिकृती साडेएकवीस ते साडेतेवीस इंचांच्या दरम्यान कोठे तरी बसली पाहिजे. हे ज्ञान नव्हे, अनुमान आहे. पण ते कशावरून केले हे सांगता येते, आणि उद्या कोणी अधिक चांगला पुरावा आणला तर कोणता आकडा बदलावयाचा हेही सांगता येते. इतिहासाच्या कामात याला मोठी किंमत आहे. ‘आमची गुराब अशीच होती’ असे छातीठोकपणे सांगणारी भपकेदार प्रतिकृती, सभागृहात कितीही टाळ्या मिळाल्या तरी, पुढच्या पिढीची दिशाभूलच करणार.

अनुमानावर खरे जहाजसुद्धा उभे राहू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. अजिंठ्यातील त्या जहाजाच्या चित्रावरून भारतीय नौदल, केंद्राचे सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातील एक नौका बांधणारी संस्था यांनी मिळून एक जहाज बांधले. ते युद्धनौका नव्हे, प्राचीन पद्धतीचे शिडाचे जहाज आहे. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोराने शिवल्या. चित्र भिंतीवरचे, सपाट. त्यात तळ दिसत नाही आणि पलीकडची बाजूही दिसत नाही. तेव्हा चित्रावरून आकृती कल्पिली, आणि ती पाण्यात कशी वागेल याची पडताळणी मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने झाली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. २०२५ च्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून २०२६ च्या जानेवारीत ते शिडांवर मस्कतला पोहोचले. चित्र अजिंठ्याच्या एका भिंतीवर टिकले, म्हणून एवढे तरी करता आले.

एक व्यवहाराची सूचना करतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी गुराबेची प्रतिकृती अवश्य करावी. लेथ येथे आहे, सुतार येथे आहे, पत्रा आणि तार तर गल्लोगल्ली आहे. पण प्रतिकृतीबरोबर एक वही ठेवावी आणि तीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात मोजलेली मापे, दुसऱ्यात कोणाच्या लेखी वर्णनातून घेतलेली, तिसऱ्यात आपण अनुमानाने धरलेली. प्रत्येक फळी, प्रत्येक तोफ, प्रत्येक दोर कोणत्या रकान्यातला, हे प्रामाणिकपणे लिहावे. आणि ‘जावा’ जहाजाची आठवण ठेवून त्या वहीची दुसरी प्रत निराळ्या जागी ठेवावी. गुराबेच्या वहीत पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहील. तो रिकामा का राहिला, हे मुलांना कळले म्हणजे ती त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर आणखी एक काम आपण होऊन सुरू करतील. गावातला जो म्हातारा सुतार अजून लाकडी बैलगाडी घडवितो, त्याच्या चाकाची, आऱ्यांची आणि जुवाची मापे ती त्याच्या समोर बसून लिहून घेतील.